मिनीडिस्क कॅसेटची आणि सीडीची जागा घेईल का?

वाचकाचे पत्र : मी सांगलीत अनेक वर्षे गाण्याच्या शिकवण्या केल्या. जुन्या खासगी बैठका आणि माझ्या गुरुजींनी दिलेली तालीम यांच्या 140 कॅसेटी माझ्याकडे आहेत. जवळजवळ सगळ्या 90 मिनिटांच्या. जपानमध्ये नोकरीला असलेला माझा पुतण्या यंदा येताना सोनीचा खिशात मावेल एवढा मिनीडिस्क रेकॉर्डर आणि दहा कोऱ्या डिस्क घेऊन आला. त्याने नमुन्यादाखल तीन कॅसेटी त्यावर उतरवून दिल्या आणि तो आवाज मला माझ्या टेपरेकॉर्डरपेक्षा कितीतरी स्वच्छ वाटला. त्याचे म्हणणे असे की एलपी जशी परत आली तशी ही नवी डिस्कही आता चालणार, आणि कॅसेट व सीडी दोन्ही मागे पडणार. आणखी डिस्क मागवून सगळा संग्रह त्यावर उतरवावा आणि कॅसेटी काढून टाकाव्यात, म्हणजे कपाटही मोकळे होईल, असे मनात आहे. हा विचार योग्य आहे का?

उत्तर :

स.न.वि.वि.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण कॅसेटींचे खोके एकदा भंगारवाल्याच्या हाती गेले की बाकीच्या चर्चेला अर्थ उरणार नाही. कॅसेटी काढून टाकू नका, आणखी डिस्क मागवू नका, आणि मिनीडिस्क ही कॅसेटला किंवा सीडीला हटवून त्यांच्या जागी बसेल या भरवशावर कोणताही खर्च करू नका. पुतण्याने हौसेने आणलेले यंत्र वाया गेले, असा याचा अर्थ नाही. त्याचा एक चांगला उपयोग आहे आणि तो पुढे सांगतो. मात्र आयुष्यभराचा संग्रह सांभाळण्याचे काम त्या यंत्रावर सोपवता येणार नाही, आणि ते का, हे समजून घेतल्याशिवाय तुमचे समाधान होणार नाही याची मला कल्पना आहे.

ही डिस्क तुमच्या घरात नवी असली तरी बाजारात नवी नाही. सोनीने ती 1991 साली जाहीर केली आणि नोव्हेंबर 1992 मध्ये जपानमध्ये विक्रीला आणली. तुमचा पुतण्या आज जे भाकीत करतो आहे, साधारण तेच त्या वेळी कंपनीचे लोक करत होते. फरक एवढाच की त्यांचा नेम कॅसेटवर होता, सीडीवर नव्हता. सीडी ही सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून काढलेली, 1982 पासून विकली जाणारी आणि त्या काळात ऐन भरभराटीला आलेली वस्तू होती. तिला धक्का लावण्यात सोनीचा काहीच फायदा नव्हता. घरात सीडी आणि खिशात मिनीडिस्क, अशी विभागणी त्यांच्या मनात होती. त्या वेळी कंपनीचे नेतृत्व नोरिओ ओगा यांच्याकडे होते आणि ते स्वतः टोकियोच्या कला विद्यापीठात रीतसर शिकलेले गायक होते, ही गोष्ट तुम्हाला वाचायला आवडेल. म्हणजे आवाजाची जाण नसलेल्या माणसांनी घाईने काढलेली ही वस्तू नव्हती.

तिची रचना कौतुकास्पद आहे. 64 मिलिमीटर व्यासाची तबकडी एका चपट्या, कडक डबीत कायमची बंद असते आणि डबीचे सरकते झाकण यंत्रात गेल्यावरच उघडते, त्यामुळे सीडीवर पडतात तसे बोटांचे ठसे आणि ओरखडे तिच्यावर पडत नाहीत. ध्वनिमुद्रण करताना एका बाजूने लेसरचा झोत तबकडीवरच्या सूक्ष्म ठिपक्याला सुमारे 180 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, त्या क्षणी त्या ठिपक्याचे चुंबकत्व सैल होते, आणि दुसऱ्या बाजूचे चुंबकीय हेड त्याला हवी ती दिशा देते. ठिपका निवला की ती दिशा पक्की होते. वाजवताना तोच लेसर कमी शक्तीने फिरतो आणि परत येणाऱ्या प्रकाशातला बारीकसा फरक ओळखतो. पुन्हा पुन्हा लिहूनही तबकडी झिजत नाही. दहा लाख वेळा लिहिता येईल असा सोनीचा दावा होता. त्या काळातला खिशातला सीडी प्लेअर चालताना अडखळत असे. मिनीडिस्कचे यंत्र मात्र गाणे वाजते त्याहून अधिक वेगाने मजकूर वाचून पुढचे काही सेकंद स्मृतीत साठवून ठेवते, त्यामुळे धक्का बसला तरी आवाज तुटत नाही.

शिकवणाऱ्या माणसाला यातले सर्वांत मोलाचे काय वाटेल, तर संपादनाची सोय. तबकडीच्या आतल्या भागात पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी एक नोंदवही असते, आणि कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत आहे हे फक्त तिथे लिहिलेले असते. आलाप वेगळा करायचा, विलंबित आणि द्रुत यांच्या मध्ये खूण टाकायची, मधला खाकरण्याचा भाग काढायचा, दोन तुकडे जोडायचे किंवा त्यांचा क्रम बदलायचा, प्रत्येकाला नाव द्यायचे, हे सगळे मूळ ध्वनिमुद्रणाला हात न लावता त्या नोंदवहीत फेरफार करून होते. कॅसेटवर यातले एकही काम धड होत नाही. 1992 साली हे खिशातल्या यंत्रात देणे ही मोठीच गोष्ट होती, आणि परदेशांत रेडिओचे वार्ताहर व नाटकांचे ध्वनिसंयोजक मिनीडिस्कला पुढे बरीच वर्षे चिकटून राहिले ते याच सोयीमुळे.

आता तुमच्या संग्रहाच्या दृष्टीने जी अडचण आहे तिच्याकडे येऊ. एवढ्याशा तबकडीत आधी 60, मग 74 आणि पुढे 80 मिनिटे मावू लागली ती सोनीच्या ॲट्रॅक नावाच्या पद्धतीमुळे. सीडीवर प्रत्येक सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट माहिती असते. मिनीडिस्कवर ती 292, म्हणजे साधारण एक पंचमांश. उरलेली माहिती कमी करताना कानाच्या मर्यादांचा आधार घेतलेला आहे : मोठ्या आवाजाच्या आड, त्याच्याच जवळच्या पट्टीतला बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही, तेव्हा तो काटेकोरपणे लिहिण्याची गरज नाही, असे हे गणित आहे. सुरुवातीच्या यंत्रांबद्दल जाणकार श्रोत्यांच्या तक्रारी होत्या, पुढच्या यंत्रांत हे काम बरेच सुधारले, आणि आज तुमच्या हातातल्या यंत्रावर फरक ओळखणे बहुतेकांना कठीण जाईल. तरीही एकदा गाळलेले परत मिळत नाही. मागून येणारा तानपुऱ्याचा मंद झंकार, ठेक्याच्या मध्ये गुरुजींनी हलक्या आवाजात दिलेली सूचना, असल्या गोष्टी गणिताला किरकोळ वाटू शकतात आणि तुमच्या शिष्यांना उद्या त्याच हव्या असतील. शिवाय या तबकडीवरून पुन्हा मोबाइलवर ऐकण्याजोगी लहान फाइल केली, तर गाळलेल्याचे पुन्हा गाळप होते आणि दुसऱ्या खेपेला दोष कानाला जाणवू लागतात.

पुतण्याने उतरवलेल्या तीन कॅसेटी तुम्हाला अधिक स्वच्छ वाटल्या, याचे कारण डिस्क हे नव्हे. कॅसेटवर नसलेला आवाज कोणतीही डिस्क निर्माण करू शकत नाही, आणि कॅसेटवरची खरखर तिच्यावर जशीच्या तशी उतरते. पुतण्याने कॅसेट वाजवण्यासाठी बहुधा तुमच्यापेक्षा चांगला, स्वच्छ हेडचा डेक वापरला असेल. तुमच्या टेपरेकॉर्डरचे हेड मळले असण्याची किंवा त्याचा कोन हलला असण्याची शक्यता दाट आहे. याचा दुसरा अर्थ आनंदाचा आहे : तुमच्या कॅसेटी तुम्हाला वाटत होत्या त्यापेक्षा चांगल्या स्थितीत आहेत.

एवढी चांगली वस्तू जगभर का चालली नाही, हा खरा प्रश्न आहे आणि पुतण्याच्या भाकिताचे उत्तरही त्यातच आहे. पहिली काही वर्षे ती महाग होती. ज्या वर्षी ती आली त्याच वर्षी फिलिप्स आणि मात्सुशिता यांनी डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट आणली, जिच्या यंत्रावर जुन्या साध्या कॅसेटीही वाजत. गिऱ्हाइकाने दोन्हींकडे पाहिले आणि काहीच न घेता तो घरी गेला. ती डिजिटल कॅसेट 1996 मध्येच गुंडाळली गेली, पण तोवर मिनीडिस्कचा सुरुवातीचा जोर ओसरला होता. तयार गाण्यांच्या मिनीडिस्क प्रामुख्याने सोनीच्या स्वतःच्या संगीत कंपनीने काढल्या, इतर कंपन्यांनी हात राखूनच साथ दिली, आणि नुकतीच आपली एलपींची मांडणी सीडींत पुन्हा विकत घेतलेल्या लोकांना तीच गाणी तिसऱ्यांदा विकत घेण्याची हौस नव्हती.

जपानमध्ये मात्र ती खरोखर रुजली, आणि तुमच्या पुतण्याच्या उत्साहाचे मूळ मला तिथे दिसते. तिथे सीडी भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. संध्याकाळी सीडी भाड्याने आणायची, रात्री घरच्या यंत्रावर मिनीडिस्कवर उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायची, हा तरुणांचा नित्याचा परिपाठ होता. सीडी भाड्याने देणाऱ्या दुकानात कोऱ्या डिस्कही मिळत. गाडीत, घरच्या स्टिरिओत, शाळेत, सगळीकडे मिनीडिस्कची खाच असे. त्यामुळे आजही तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत ही यंत्रे आणि डिस्क मुबलक दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की ही वस्तू जिवंत आहे. परंतु भाड्याने सीडी देण्याची ती पद्धत जिथे नव्हती, त्या अमेरिकेत आणि बहुतेक युरोपात मिनीडिस्क हौशी लोकांपुरती राहिली.

आपल्याकडे तर तिला पायच ठेवता आला नाही. कॅसेट आपल्याकडे का पसरली हे पाहिले म्हणजे नवे साधन जुन्याची जागा कशाच्या बळावर घेते ते स्पष्ट दिसते. फिलिप्सने कॅसेट 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली आणि थोड्याच काळात इतर उत्पादकांना ती शुल्क न घेता बनवू दिली. त्यामुळे कॅसेट आणि तिची यंत्रे असंख्य कारखान्यांत बनू लागली आणि किमती उतरल्या. भारतात 1980 च्या दशकात टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी त्या स्वस्ताईचा पुरेपूर उपयोग करून घेतला. एलपीच्या काळात ज्यांचे गाणे कधी छापले गेले नसते अशा भजनी मंडळांचे, शाहिरांचे, कीर्तनकारांचे आवाज कॅसेटवर आले, आणि पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थेने शास्त्रीय संगीताच्या रसिकांसाठी दर्जेदार कॅसेटी काढल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमच्यासारख्या माणसाला साध्या यंत्रावर बैठक मुद्रित करता आली. आवाजाच्या दर्जात कॅसेट एलपीच्या खालीच होती. तरीही ती जिंकली, कारण कोरी फीत, यंत्र, दुरुस्ती करणारा आणि गाणे या चारही गोष्टी तालुक्याच्या गावात मिळत होत्या. मिनीडिस्कच्या बाबतीत यातली एकही गोष्ट सांगलीत किंवा कोल्हापुरात मिळत नव्हती. पुढे स्वस्ताईच्या याच वाटेने शंभरावर गाणी मावणारी एमपीथ्रीची सीडी फुटपाथवर आली, आणि तिच्यामागून वडापच्या जीपमध्ये लटकणारा पेनड्राइव्ह आला.

सोनीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तो मात्र वेगळ्या ठिकाणी. 1988 साली तिने अमेरिकेची सीबीएस रेकॉर्ड्स ही कंपनी विकत घेतली होती, त्यामुळे एकीकडे ध्वनिमुद्रणाची यंत्रे विकायची आणि दुसरीकडे ध्वनिमुद्रणामुळे गाण्यांची विक्री घटेल या भीतीने त्याच यंत्रांचे हात बांधायचे, असा दुहेरी कारभार सुरू झाला. डिजिटल प्रतीवरून पुन्हा डिजिटल प्रत काढायची नाही, असा अटकाव घरगुती यंत्रांत पहिल्यापासूनच होता. 2001 साली संगणकाला जोडता येणारी नेटएमडी यंत्रे आली तेव्हा लोकांची अपेक्षा होती की आता आपण मायक्रोफोनने केलेले मुद्रण संगणकावर सहज घेता येईल. प्रत्यक्षात संगणकावरून डिस्ककडे गाणी नेता येत होती, तीही कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या अटींवर, आणि उलट दिशेला दार बंद होते. स्वतःच्या गुरुजींचा स्वतः मुद्रित केलेला आवाज बाहेर काढायचा, तर तो इअरफोनच्या भोकातून, जेवढ्यास तेवढा वेळ वाजवून काढावा लागे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने पाच गिगाबाइटचा आयपॉड जाहीर केला आणि डिस्क बदलण्याचा प्रश्नच मिटवला. 2004 साली एक गिगाबाइटची हाय-एमडी आली, तिच्यावर आवाज न गाळताही मुद्रित करता येऊ लागला. 2006 च्या एमझेड-आरएच1 या यंत्राने जुन्या डिस्कवरचे मुद्रणही संगणकावर घेण्याची मोकळीक दिली. दोन्ही चांगल्याच गोष्टी होत्या, पण लग्न लागून गेल्यावर वाजंत्री आली.

अमेरिकेतल्या डेटाप्ले नावाच्या कंपनीचा अनुभव जाता जाता सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाला तो नेमका लागू आहे. 32 मिलिमीटरची, 500 मेगाबाइटची तिची तबकडी 2001 च्या सुमारास मोठ्या गाजावाजाने पुढे आली, मोठ्या संगीत कंपन्यांनी पाठिंबा जाहीर केला, आणि 2002 च्या शरद ऋतूपर्यंत कंपनी बंद पडली. मिनीडिस्कहून लहान, मिनीडिस्कहून मोठ्या पोटाची. आज ती कोणाला आठवतही नाही.

आता एलपीचा दाखला. एलपी परत आली हे खरे आहे; अमेरिकेत 2022 साली नगांच्या हिशेबाने एलपींची विक्री सीडींपेक्षा अधिक झाली आणि असे 1987 नंतर पहिल्यांदाच घडले. पण एलपी परत येऊ शकली, कारण तिचे यंत्र सोपे आहे. मोटर, पट्टा आणि सुई यांवर ती वाजते. हे भाग आजही अनेक कारखान्यांत बनतात आणि उद्या एक कारखाना बंद पडला तरी दुसरा बनवू शकतो. मिनीडिस्कच्या यंत्रात विशिष्ट लेसर, विशिष्ट हेड आणि ॲट्रॅक उलगडणाऱ्या विशिष्ट चिप लागतात, आणि घरगुती वापराची नवी यंत्रे बाजारात येणे केव्हाच थांबले आहे. सोनीने मिनीडिस्क वॉकमनची विक्री सप्टेंबर 2011 मध्ये आणि मिनीडिस्क वाजवणाऱ्या घरगुती स्टिरिओची मार्च 2013 मध्ये थांबवली. कोऱ्या डिस्कचे उत्पादन तेवढे चालू होते; तेही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केले आणि त्यांच्या जागी दुसरे काही येणार नाही असे कंपनीने सांगून टाकले. काही छोटे कलाकार हौसेने आपली गाणी आजही मिनीडिस्कवर काढतात आणि ती विकलीही जातात. हौस म्हणून त्यात वावगे काही नाही, पण ज्या डिस्कवर ती निघतात त्या जुन्या साठ्यातल्या असतात. पुनरागमन म्हणायला मागे चालू कारखाना लागतो, आणि इथे तो नाही.

साधा हिशेब केला तरी बेत डोईजड होतो. तुमच्या 140 कॅसेटी म्हणजे 12,600 मिनिटे. 80 मिनिटांच्या डिस्क धरल्या तर 158 लागतील, आणि 90 मिनिटांची एकही कॅसेट एका डिस्कमध्ये पूर्ण मावणार नाही. मोनो मुद्रण निवडल्यास निम्म्या डिस्क पुरतील आणि जुन्या बैठका बहुधा मोनोच असतात, हे खरे. दीर्घ मुद्रणाच्या पद्धतीत त्याहून कमी पुरतील, पण तिथे आवाज आणखी कापला जातो, म्हणून तो मार्ग संग्रहासाठी वर्ज्य समजा. एवढे करून सगळा संग्रह अशा एका यंत्रावर अवलंबून राहील जे बिघडले तर त्याचा सुटा भाग फक्त दुसऱ्या जुन्या यंत्रातून काढूनच मिळेल.

त्याऐवजी कॅसेटी संगणकावर उतरवून घ्या. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान 48 किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला 48 हजार नमुने) आणि 24 बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) अशी आहे, जमल्यास 96 किलोहर्ट्झ. फाइल वेव्ह प्रकारची, म्हणजे काहीही न गाळलेली असावी. 48 किलोहर्ट्झने स्टिरिओ मुद्रणाच्या एका तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते, म्हणजे तुमच्या 210 तासांना सव्वादोनशे गिगाबाइट पुरतील. एक टेराबाइटच्या, तळहातावर मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये सगळा संग्रह बसून बरीच जागा उरेल. अशा दोन हार्ड डिस्क घ्या, एक स्वतःकडे ठेवा आणि दुसरी वेगळ्या गावातल्या शिष्याकडे किंवा नातेवाइकाकडे. सांगलीत कृष्णेच्या पुराचा अनुभव घेतलेल्या माणसाला यामागचे कारण समजावण्याची गरज नाही. दर काही वर्षांनी दोन्ही नव्या डिस्कवर उतरवून घ्याव्या लागतील, कारण हार्ड डिस्कही अमर नाही. पण फाइलची प्रत काढताना एक कणही कमी होत नाही, आणि ती कोणत्या कंपनीच्या यंत्रावर वाजेल याची चिंता करावी लागत नाही.

उतरवण्याच्या कामात घाई करू नये, कारण कॅसेट नीट वाजली तरच पुढचे सगळे नीट होते. वर्षानुवर्षे पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. फितीमागची स्पंजची किंवा नमद्याची छोटी गादी निखळली असेल तर ती फीत चांगल्या जुन्या कॅसेटच्या कवचात बसवून घ्यावी. मागच्या कडेच्या दोन पट्ट्या मोडलेल्या नसतील तर आधी मोडाव्यात, नाहीतर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले जाऊन गुरुजी पुसले जायचे. डेकचे हेड, पिंच रोलर म्हणजे फीत दाबून धरणारे रबरी चाक, आणि फीत ओढणारा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो अगदी थोडा फिरवून पाहिल्यास एका जागी आवाज उघडतो, तबल्याची चाट आणि शब्दांतले स-श स्पष्ट होतात. प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्या यंत्राचा हेडचा कोन तिच्यात उतरलेला असतो, म्हणून ही जुळणी दर कॅसेटला करावी लागते. कॅसेट डॉल्बी, म्हणजे फितीची खरखर कमी करण्याची यंत्रातली सोय, लावून मुद्रित केलेली असेल तर वाजवतानाही तोच डॉल्बी लावावा.

यानंतरचे काम मात्र कोणत्याही तंत्रज्ञापेक्षा तुम्ही चांगले कराल. घरगुती टेपरेकॉर्डरचा वेग क्वचितच अचूक असे. तो थोडा जास्त असला की गायकाची पट्टी चढते आणि काळी एकमधला षड्ज पांढरी दोनच्या दिशेने सरकतो. गुरुजी कोणत्या पट्टीत गात हे तुम्हाला ठाऊक आहे. बैठकीत पेटी असेल तर तिच्या सुरावरून, नाहीतर तानपुऱ्याच्या षड्जावरून वेग तपासून प्रत्येक कॅसेटच्या नोंदीत तसे लिहून ठेवा. मूळ फाइलमध्ये ढवळाढवळ न करता सुधारलेली प्रत वेगळी करावी. फाइलच्या नावात गायक, राग, स्थळ आणि वर्ष असावे, आणि साथीला कोण होते ते आठवत असेल तर तेही लिहावे. कॅसेटच्या कागदावरची पुसट झालेली अक्षरे मोबाइलने टिपून फाइलसोबत ठेवावीत. हे सगळे झाल्यावरही कॅसेटी उभ्या, कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर सांभाळून ठेवा. दहा वर्षांनी फीत वाचण्याचे अधिक चांगले तंत्र येऊ शकते आणि तेव्हा मूळ कॅसेटच उपयोगी पडेल. कपाटाची जागा अगदीच निकडीची असेल तर संग्रहाची मूळ प्रत स्वीकारणारी एखादी संस्था पाहावी. गुरुग्राममधले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतविषयक ध्वनिसंग्रहालय 1982 पासून हेच काम करते.

आता त्या रेकॉर्डरविषयी. त्याला मायक्रोफोनची खाच असेल तर तो शिकवणीत वापरा. वर्ग चालू असताना प्रत्येक विद्यार्थ्याची पाळी आली की खुणेचे बटण दाबा. वर्ग संपल्यावर प्रत्येकाला त्याची तान लगेच ऐकवता येईल आणि पुढच्या आठवड्यात तीच डिस्क पुसून पुन्हा वापरता येईल. या कामाला दहा डिस्क वर्षानुवर्षे पुरतील. त्याच्याबरोबर आलेली चपटी चार्जिंगची बॅटरी जुनी असणार, ती काढून पाहा. टोकाला हिरवट-पांढरे क्षार आलेले असतील तर ती टाकून द्या आणि यंत्राला बाहेरून साध्या पेन्सिल सेलची डबी जोडता येत असेल तर तीच वापरा. मुद्रण थांबवल्यावर पडद्यावर काही क्षण टीओसी ही अक्षरे लुकलुकतात, तेव्हा यंत्र ती नोंदवही डिस्कवर लिहीत असते. ती अक्षरे थांबेपर्यंत सेल काढायचा नाही आणि यंत्र हलवायचे नाही. त्या क्षणी वीज गेली तर नुकतेच झालेले सगळे मुद्रण तबकडीवर असूनही यंत्राला ते सापडत नाही. पुतण्याने उतरवलेल्या तीन कॅसेटी मात्र संगणकासाठी मूळ फितीवरूनच पुन्हा उतरवा, त्या डिस्कवरून नको.